उडी कोणी मारली?

१९९२ साली अमेरिकेत ‘स्टंट डॉग्ज’ नावाची मुलांची कार्टून मालिका सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती संपली आणि हळूहळू लोकांच्या आठवणीतूनही गेली. गोष्ट सोपी होती. हॉलिवूडमध्ये स्टंट करणाऱ्यांच्या दोन टोळ्या आहेत. एक चांगल्यांची, स्टंट डॉग्जची. दुसरी ‘स्टंट स्कॅब्ज’ची, फंगस नावाच्या कपटी दिग्दर्शकाने पोसलेली. गाड्या उडतात, माणसं कड्यावरून कोसळतात, इमारतींना आग लागते आणि पुढच्या भागात सगळे पुन्हा धडधाकट उभे. चांगल्या टोळीसोबत एक कुत्राही होता. त्याचं नाव ह्यूमन, म्हणजे माणूस!

या मालिकेचं मला महत्त्व वाटतं ते वेगळ्या कारणाने. एरवी चित्रपटाच्या गोष्टीत नायक असतो तो नट. त्याच्याऐवजी उडी मारणारा माणूस पाठमोरा दिसतो आणि नामावलीत शेवटी, प्रेक्षक उठून दाराकडे निघालेले असताना, कुठेतरी त्याचं नाव सरकून जातं. इथे उडी मारणाराच नायक होता. चांगल्या टोळीच्या म्होरक्याचं नाव होतं नीडहॅम. ते हॅल नीडहॅम या खऱ्याखुऱ्या माणसावरून घेतलेलं. स्वतः स्टंटमन म्हणून हाडं मोडून घेतल्यावर तो दिग्दर्शक झाला आणि १९७८ साली त्याने ‘हूपर’ हा स्टंटमनच्या आयुष्यावरचा चित्रपट काढला. कार्टूनचं मूळ त्या चित्रपटात आहे. ‘हूपर’साठी ए. जे. बाकुनास या तरुणाने २३२ फुटांवरून उडी मारली होती. त्याच वर्षी ‘स्टील’ या दुसऱ्या चित्रपटासाठी आणखी उंचावरून उडी मारताना खालची हवेची गादी फाटली आणि तो गेला. कार्टूनमधली माणसं पडून उठतात. बाकुनास उठला नाही. मुलांसाठी काढलेल्या त्या रंगीत, गोंगाटी मालिकेच्या मागे एवढी खरी जोखीम उभी होती.

भनपुरीत बसून हे सगळं का सांगावं? रायपूरचा हा भाग आज कारखान्यांचा, गोदामांचा, मालमोटारींचा आहे. पण १९५६ पर्यंत रायपूर, नागपूर आणि अमरावती एकत्र होती: १९५० पर्यंत मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजेच सी. पी. अँड बेरार या प्रांतात आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशात. नकाशावरून तो प्रांत पुसला गेला, तरी चित्रपटाच्या धंद्याने त्याला जिवंत ठेवलं. वितरक अजूनही ‘सी. पी. बेरार सर्किट’ म्हणतात, त्यात विदर्भही येतो आणि छत्तीसगडही. या सर्किटची मोठी पेठ अमरावती. मुंबईत तयार झालेला सिनेमा अमरावतीच्या वितरकामार्फत आमच्याकडच्या टॉकीजपर्यंत यायचा. त्याच अमरावतीत १ ऑगस्ट १९१३ रोजी भगवान आबाजी पालव या मुलाचा जन्म झाला. हा मुलगा पुढे मराठी माणसाचा सगळ्यात मोठा स्टंटवाला झाला. आज त्याला ओळखतात ते मात्र नाचासाठी.

त्याच्याआधी मास्टर विठ्ठलबद्दल बोललं पाहिजे.

मास्टर विठ्ठल लहानपणी नाटकात होते. तिथून ते कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले आणि १९२४ च्या ‘कल्याण खजिना’त नर्तकीच्या वेषात पडद्यावर दिसले. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत गेल्यावर मात्र त्यांच्या हातात तलवार आली. घोड्यावरून झेप, गच्चीवरून उडी, चारचौघांशी एकट्याने झुंज, हे सगळं ते स्वतः करत. मूकपटात संवाद नव्हते, त्यामुळे अंगाची चपळाई हीच भाषा होती आणि ती रायपूरच्या छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलालाही तेवढीच कळायची जेवढी गिरगावातल्या मुलाला. लोक त्यांना ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणत. हॉलिवूडच्या त्या तलवारबाज नायकाशी बरोबरी केल्याने त्यांचा मान वाढला खरा, पण कोल्हापूरच्या मातीत तालीम आणि मर्दानी खेळ आधीपासून होते हेही लक्षात ठेवायला हवं.

कार्टूनमध्ये दोन टोळ्या एकमेकांच्या माणसांवर डोळा ठेवून असतात. मुंबईच्या स्टुडिओंत तेच चालायचं आणि प्रकरण कोर्टात जायचं. आर्देशिर इराणींना ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटासाठी नायक म्हणून विठ्ठलच हवे होते. विठ्ठल शारदा कंपनीशी कराराने बांधलेले होते. ते करार मोडून गेले, कंपनीने दावा लावला आणि विठ्ठलांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. दावा विठ्ठलांच्या बाजूने लागला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकला. पण ज्या बोलपटासाठी एवढी ओढाताण झाली, त्याच बोलपटाने विठ्ठलांचं राज्य संपवलं. त्यांना हिंदी-उर्दू नीट बोलता येत नसे, म्हणून भूमिकेतले संवाद कमी करून त्यांना बराच वेळ बेहोशीत दाखवावं लागलं. पुढे ते मराठी चित्रपटांत दुय्यम भूमिका करत राहिले आणि १९६९ मध्ये वारले. ज्या माणसाच्या उड्यांवर थिएटरं डोक्यावर घेतली जात, त्याच्या नावाने आज एखादा चौकही सहज सांगता येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

बोलपटाच्या काळात स्टंटचा झेंडा वाडिया बंधूंनी उचलला. जमशेद आणि होमी वाडियांनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोन काढली आणि १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ आणली. चाबूक घेतलेली नायिका होती ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स. तिला अवघा देश ‘फियरलेस नादिया’ म्हणून ओळखू लागला. सर्कशीत काम केलेली ही बाई धावत्या रेल्वेच्या टपावर मारामारी करायची, माणूस खांद्यावर उचलून फेकायची आणि सिंहांच्या सान्निध्यात चित्रीकरण करायची. हे सगळं ती स्वतःच करायची. तिच्याभोवती जॉन कावस, बोमन श्रॉफ यांच्यासारख्या पिळदार मंडळींची पक्की टोळी होती. शिवाय ‘पंजाब का बेटा’ नावाचा घोडा आणि ‘रोल्स रॉईस की बेटी’ नावाची मोटार. ह्यूमन नावाच्या कुत्र्याच्या पन्नासएक वर्षं आधी आपल्याकडे घोडा आणि मोटार नामावलीत झळकत होते! पोरं या दोघांसाठीही टाळ्या वाजवत. पुढे जमशेद यांनी स्टंटपटांतून अंग काढलं आणि होमींनी १९४२ मध्ये बसंत पिक्चर्स काढून ती परंपरा चालू ठेवली. परळची वाडियांची जागा त्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराकडे गेली. राजकमलचं नाव घेताना आपण शांतारामबापूंना आठवतो. त्याच आवारात आधी नादियाचा चाबूक कडाडला होता हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता भगवान. वडील मुंबईला कापड गिरणीत कामगार, बालपण दादर-परळच्या चाळीत, अंगात व्यायामाचा आणि सिनेमाचा नाद. मूकपटात छोटी कामं करत ते शिकले आणि १९३८ मध्ये चंद्रराव कदमांसोबत ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला. तेव्हापासून १९४९ पर्यंत त्यांनी एकामागून एक स्वस्तातले मारधाडपट काढले. मोठे नट नाहीत, भव्य सेट नाहीत. गिरणीतून सुटलेला कामगार आणि शाळा बुडवून आलेला मुलगा हा त्यांचा प्रेक्षक होता आणि त्याला काय हवं ते भगवानना चाळीत राहूनच कळलेलं होतं. १९४१ मध्ये मद्रासकडे जाऊन त्यांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ जंगलपटही केला. १९४२ मध्ये जागृती पिक्चर्स ही स्वतःची संस्था आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ. या मारधाडपटांना संगीत देणारे ‘अण्णासाहेब’ म्हणजे आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र. मैत्रीखातर ते हे काम करत आणि त्याच मैत्रीतून पुढे ‘अलबेला’ या चित्रपटाची गाणी आली.

समीक्षकांनी या चित्रपटांना कधी किंमत दिली नाही. ‘पिटातल्यांचे सिनेमे’ म्हणून ते बाजूला टाकले गेले. मला हा न्याय मान्य नाही. दिग्दर्शक, नट, फाइट मास्टर, निर्माता अशी सगळी कामं एकाच माणसाने करून, तुटपुंज्या पैशांत गावोगावची थिएटरं भरायची, याला कसब लागतं. सी. पी. बेरारसारख्या सर्किटमधल्या छोट्या गावांत आणि जत्रेतल्या तंबूत सिनेमाची गोडी रुजली ती अशाच चित्रपटांनी.

मारामारीचं हे जग किती निर्दयी होतं याचा दाखला भगवानच्याच कारकिर्दीत आहे. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. ललिताबाई कोसळल्या, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार जवळपास तीन वर्षं चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. येवल्यात जन्मलेल्या या बाई तेव्हा नायिका होत्या. तिसाच्या दशकात ‘हिम्मत-ए-मर्दां’सारख्या चित्रपटांत त्या स्वतः धाडसाची कामं करत. त्या एका फटक्याने त्यांचं नायिकापद गेलं. त्या बारीक डोळ्यासह त्या परत आल्या, खाष्ट सासू झाल्या, ‘अनाडी’तल्या मायाळू मिसेस डिसा झाल्या आणि ‘रामायण’ मालिकेत मंथरा झाल्या. प्रेक्षकांना तो डोळा अभिनयाचा भाग वाटायचा. ती एका अपघाताची जखम होती.

राज कपूरनी भगवानना सामाजिक चित्रपट काढायचा सल्ला दिला आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. नायिका गीता बाली, सी. रामचंद्रांचं संगीत आणि भगवानचा तो अगदी सोपा, मागे-पुढे झुलणारा नाच. यश अफाट होतं. नंतरच्या चित्रपटांनी मात्र हात दिला नाही. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला गेला, सात मोटारी गेल्या आणि भगवानदादा दादरच्या चाळीत परतले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात मंगेश देसाईंनी त्यांना पुन्हा उभं केलं, ही समाधानाची गोष्ट.

त्या चित्रपटाच्या नावातही ‘अलबेला’च आहे, कारण दाखवायला दुसरं फारसं उरलेलंच नाही. भगवानदादांचे बहुतेक मारधाडपट गोदामाच्या आगीत गेले. ‘आलम आरा’ची एकही प्रत उपलब्ध नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच कमी-अधिक शाबूत आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेट घ्यायला टपलेली. शिवाय तिच्यात चांदी असे आणि ती काढण्यासाठी जुनी रिळं विकली जात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये, म्हणजे पहिल्या बोलपटानंतर तेहेतीस वर्षांनी. तिथे पी. के. नायर यांनी जिवाचं रान करून जमवलेल्या ठेव्यातला काही भागही जानेवारी २००३ च्या आगीत जळाला. पौराणिक आणि सामाजिक चित्रपटांसाठी कोणीतरी हळहळायला असतं. स्टंटपट मुळात क्षुल्लक मानले गेले, त्यामुळे ते जपायचं कोणाच्या मनातही आलं नाही. नादियाचं नशीब जरा बरं. जमशेद वाडियांचे नातू रियाद विंची वाडिया यांनी १९९३ मध्ये तिच्यावर माहितीपट केला आणि ती नव्या पिढीला कळली. विठ्ठल आणि भगवान यांच्या मागे असा नातू उभा राहिला नाही.

पुढच्या काळात नट वेगळा आणि उडी मारणारा वेगळा अशी विभागणी पक्की झाली. १९७५ च्या ‘शोले’त बसंतीचा टांगा भरधाव सुटतो, तेव्हा हेमा मालिनींच्या जागी होत्या मुंबईच्या रेश्मा पठाण. हिंदी चित्रपटातल्या पहिल्या स्टंटबायांत त्यांचं नाव घेतात. नामावलीत त्या नव्हत्या. चव्वेचाळीस वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांच्यावर ‘द शोले गर्ल’ हा चित्रपट आला आणि तो दिग्दर्शित केला आपल्या आदित्य सरपोतदारने. राष्ट्रीय पुरस्कारांत साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाला जागा मिळाली ती २०१६ च्या चित्रपटांपासून. पहिला मान ‘पुलिमुरुगन’साठी पीटर हेन यांना गेला. हॉलिवूडची चालही याहून वेगवान नाही. हॅल नीडहॅमला मानद ऑस्कर मिळालं ते २०१२ मध्ये, मृत्यूच्या वर्षभर आधी. आणि स्टंटसाठी स्वतंत्र ऑस्कर देण्याची घोषणा झाली एप्रिल २०२५ मध्ये. २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून ते दिलं जाईल.

तेव्हा वाचकांना एक विनंती आहे. विदर्भात, छत्तीसगडात, खानदेशात अनेक मराठी घरांत एखादे आजोबा टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवत होते, कोणी वितरकाच्या कचेरीत कारकून होते, कोणी फिरत्या तंबूचा हिशेब ठेवत होते. त्यांच्या ट्रंकेत जुनी पोस्टरं असतील, गाण्यांच्या पुस्तिका असतील, हॅण्डबिलं असतील, क्वचित फिल्मचा एखादा तुकडाही असेल. या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत देऊ नका. फिल्मचा तुकडा सापडला तर तो दिव्यापासून, उष्णतेपासून दूर ठेवा. आणि पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.