क्रुगरला जायचं तर गाडी आपणच चालवावी

दक्षिण आफ्रिकेला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत केप टाउनच्या खालोखाल क्रुगर राष्ट्रीय उद्यान असतंच, आणि सहल कंपन्या तिथं बहुधा गाइडसोबतची, उघड्या जीपमधली सफारी देतात. ताडोबा-पेंचची सवय असलेल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. जंगल म्हणजे जिप्सी, गाइड आणि आधीपासून धडपडून मिळवलेलं बुकिंग, हेच आपल्या अंगवळणी पडलंय. क्रुगरमध्ये मात्र कुणीही भाड्याची साधी गाडी घेऊन फाटकातून आत जाऊ शकतो, आणि तसंच जावं असं माझं म्हणणं आहे. पैसे वाचतात हे खरं, पण ते कारण दुय्यम. हे उद्यान टिकलं ते मोटारीतून येणाऱ्या सामान्य पर्यटकाच्या जोरावर, आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तरच ते नीट उमगतं.

साबी नदीच्या परिसरात शिकारीला बंदी असलेलं राखीव क्षेत्र जाहीर झालं ते 1898 मध्ये, ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रुगर यांच्या कारकिर्दीत. पाठोपाठ बोअर युद्ध पेटलं. ते संपल्यावर 1902 मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा लष्करी अधिकारी वॉर्डन म्हणून आला आणि पुढची चार दशकं या जंगलाचा कर्ताधर्ता राहिला. त्याची खरी लढाई शिकाऱ्यांपेक्षा कागदावरची होती. खाणवाल्यांना जमीन हवी होती, गोऱ्या शेतकऱ्यांना कुरणं हवी होती, आणि नुसत्या निसर्गप्रेमाच्या गोष्टी सांगून सरकार बधणार नव्हतं. 1923 मध्ये रेल्वेनं काढलेल्या एका पर्यटन सफरीचा थांबा या राखीव क्षेत्रात होता. प्रवाशांनी तो उचलून धरला. लोक जनावरं मारायलाच नव्हे, नुसती बघायलाही पैसे मोजून येतात, हे त्यातून दिसलं. 1926 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, 1927 मध्ये एक पौंड शुल्क भरून पहिल्या मोटारी आत आल्या आणि मग रस्ते, मुक्कामाच्या छावण्या, पाणवठे असा पसारा वाढत गेला. आज साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या, उत्तर-दक्षिण सुमारे 360 किलोमीटर लांबीच्या या प्रदेशाची आखणीच अशी आहे, की सकाळी एका छावणीतून निघालेला माणूस वाटेत थांबत थांबत संध्याकाळी दुसऱ्या छावणीत पोचावा.

वेगाची मर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटर आणि कच्च्या रस्त्यावर 40. स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा रस्ता साधारण 45 किलोमीटरचा. हिशेबानं तासाभराचा, पण त्यावर अर्धा दिवस सहज जातो. इम्पाला हरणांचा कळप चरायचं सोडून एकाच दिशेला टक लावून उभा असेल, तर तिकडे काहीतरी आहे हे पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी आपसूक ब्रेकवर पाय जातो. हत्तीच्या बाबतीत तर हे वाचन जिवाशी गाठ असतं. मस्तीत आलेल्या नराच्या डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून स्राव गालावर ओघळलेला असतो, मूत्र ठिबकून मागचे पाय ओले असतात. असा हत्ती समोरून रस्त्यानं येत असेल तर हॉर्न नाही, हेडलाइट नाही. वेळेत गाडी मागे घ्यायची आणि त्याला वाट द्यायची. गाइडच्या जीपमध्ये हा निर्णय दुसरा कुणी घेतो आणि आपण फोटो काढतो. इथं तो आपल्याला घ्यावा लागतो, म्हणून हत्तीकडे नीट बघितलं जातं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नवख्या डोळ्यांना दिसणार काय? कमीच दिसेल, हे मान्य करायला हवं. बुटक्या गाडीतून उंच गवतापलीकडचं दिसत नाही, आणि झाडावरचा बिबट्या शेजारून निसटतो. मे ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत गेलं की पाला विरळ असतो, जनावरं पाण्याजवळ येतात आणि ही अडचण निम्मी होते. दुसरा आक्षेप गर्दीचा. सिंह दिसला की मोटारींची रांग लागते, मोबाइलवरून बातमी पसरते आणि आणखी गाड्या धावत येतात. तक्रार रास्त आहे, पण असा घोळका गाइडच्या जिपांचाही होतो. स्वतःची गाडी असली की निदान तिथून निघून एखाद्या निर्मनुष्य कच्च्या वाटेला लागता येतं. धोक्याचं म्हणाल तर ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचं नाही आणि फाटक बंद व्हायच्या आत छावणीत पोचायचं, हे दोन नियम पाळले की पुरे. त्या देशात वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच चालतात. इंग्रजीतला, फोटो-सहीचा परवाना चालतो, तरी आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असलेला बरा.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोटारवाला सामान्य पर्यटक म्हणजे कोण? बराच काळ तो गोराच होता. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना, आणि भारतीय वंशाच्या लोकांनाही, मुक्कामाला बलुलेसारखी वेगळी साधी छावणी होती. तिथल्या खिडक्या नसलेल्या गोल झोपड्या आजही उभ्या आहेत. उत्तरेच्या पफुरी भागातून मकुलेके लोकांना 1969 मध्ये बळानं हटवलं गेलं. जिथं माणूस कधी नव्हताच असं जंगल दाखवायचं, तर माणसं काढावीच लागतात. थुलामेलाच्या टेकडीवरच्या दगडी भिंतींचे अवशेष हा देखावा खोटा ठरवतात: काही शतकांपूर्वी इथं नांदती वस्ती होती, सोनं घडवलं जात होतं, आणि हिंदी महासागराच्या व्यापारातून काचमणी येत होते. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. पाकीटबंद सफारी सिंह-गेंड्यांच्या मागे धावते, बलुले तिच्या वाटेत येत नाही. स्वतःच्या गाडीनं हे टप्पे जोडता येतात. थुलामेला मात्र गाइडसोबतच पाहता येतं, आणि ते योग्यच आहे.

मग ताडोब्यातही खासगी गाड्या सोडाव्यात का? मुळीच नाही. ताडोब्याचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे क्रुगरच्या तिसाव्या हिश्शाहून थोडा लहान, आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाघच हवा. शिवाय जिप्सी आणि गाइडच्या पैशावर आसपासच्या गावांतली घरं चालतात. क्रुगरची खरी लंगडी बाजू हीच: मोटारवाल्याचं शुल्क उद्यानाला मिळतं, कुंपणाबाहेरच्या गावाला त्यातून थेट फारसं काही जात नाही. मकुलेकेंना 1998 मध्ये जमीन परत मिळाली तेव्हा त्यांनी ती नांगराखाली न आणता संवर्धनातच ठेवली आणि पर्यटन निवासांना भाड्यानं दिली. तिथला मुक्काम महाग आहे. तरी आठवडाभर स्वतःच्या गाडीनं फिरून जे वाचलं, त्यातलं थोडं तिथं एका रात्रीसाठी मोजावं.