आमचं नाटक बुरसटलं, त्याची गोष्ट

जुलैचा पहिला आठवडा. एकांकिकेच्या तालमी सुरू करायच्या म्हणून आम्ही पाच-सहा जण कोथरूडच्या एका जुन्या बंगल्यापाशी जमलो. तिथलं गॅरेज ग्रुपमधल्या एका मैत्रिणीच्या आजोबांचं. त्यांनी गाडी विकली तेव्हापासून आमचा सगळा संसार तिथेच असतो. लेव्हल्स, फ्लॅट्स, दोन ट्रंका भरून कपडे, एक ढोलकी आणि एका खोक्यात सीनियर्सच्या प्रॉम्प्टच्या वह्या.

शटर वर गेलं आणि आधी आला तो वास. कुबट, नाकात बसणारा. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. नऊवारीवर काळे ठिपके, ढोलकीच्या चामड्यावर हिरवट-पांढरी लव. भिंतीला टेकवलेल्या फ्लॅट्सचं कापड मागून पूर्ण काळं पडलेलं. वह्यांचं खोकं जमिनीवरच होतं. उचलायला गेलो तर त्याचा तळ तिथेच राहिला. कपडे काय, भाड्याने मिळतात. पण त्या वह्यांत समासात लिहिलेल्या सूचना होत्या, कुठे थांबायचं, कुठे लाइट जाणार, कुठल्या वाक्याला हशा येतो. त्यातल्या दोन वह्यांची पानं आता एकमेकांपासून सुटतच नाहीत.

आम्ही लगेच वर बघायला लागलो. छत कुठे गळतंय? आजोबा काठी टेकत आले. आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर काम केलेला माणूस. ते म्हणाले, "छत कोरडं आहे रे. पाणी तुम्ही आणलंत."

पाणी आलं कुठून?

आठवून बघितलं तर आजोबांचं बरोबर होतं. जूनमध्ये एक छोटा प्रयोग झाला. येताना टेम्पोत सामान भिजलं, कपडे घामाने ओले होतेच. रात्रीचे अकरा वाजलेले. "उद्या बघू" म्हणून सगळं आत कोंबलं, वर प्लास्टिकचा कागद टाकला आणि शटर ओढलं. शिवाय तालीम असली की आमच्या ओल्या स्कूटर आणि निथळणारे रेनकोटही त्याच गॅरेजमध्ये. ते सगळं पाणी हवेत जातं आणि शटर बंद असलं की तिथेच राहतं.

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. कागद, सुती कापड, चामडं, प्लायवूड, पुठ्ठा हे तिचं खाद्य. उबही आपल्याकडे भरपूर. कमी असते ती फक्त ओल. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर सहसा वाचते. तशीच राहिली तर बुरशी धरते. वस्तू भिजलेली नसली तरी हवेतली आर्द्रता बरेच दिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली की पुरते, आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते.

दुसरी वाट जमिनीची. काँक्रीट आणि वीट खालची ओल वर ओढून घेतात. जुन्या गॅरेजच्या फरशीखाली ओल अडवणारा थर बहुतेक वेळा घातलेलाच नसतो. आजोबांनी त्याची एक सोपी परीक्षा दाखवली. फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर ठेवायचं, चारही कडा टेपने पक्क्या चिकटवायच्या आणि एक दिवस थांबायचं. खालच्या बाजूला पाणी जमलं तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला जमलं तर हवेतून. आमच्याकडे खालून थेंब आले.

मीठ सांगतं

आर्द्रता मोजायचा छोटा डिजिटल मीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो नसेल तर एका वाटीत मीठ ठेवा. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. जाड्या मिठात इतर क्षार असतात, त्यामुळे ते त्याच्याही आधी ओलसर होतं. म्हणून इशारा म्हणून जाडं मीठ बरं. ते ओलं दिसलं की समजायचं, आत बुरशीचे दिवस सुरू झालेत. मीटर असेल तर आकडा ६० च्या आसपास किंवा खाली ठेवायचा प्रयत्न करायचा.

आम्ही काय बदललं

सगळ्यात आधी जमीन सोडली. भंगारवाल्याकडून लाकडी पॅलेट आणले, सामान त्यावर ठेवलं. भिंतीपासून वीतभर अंतर. फ्लॅट्स भिंतीला न टेकवता मधोमध उभे केले, दोघांच्या मध्ये हवा खेळेल असे. या कामाचा खर्च जवळपास शून्य आणि फायदा सगळ्यात जास्त.

दुसरं, पुठ्ठ्याची खोकी बाद. कागद आणि कपडे घट्ट झाकणाच्या प्लास्टिक टबांत. इथे एक अट आहे. आत जाणारी वस्तू पूर्ण कोरडी हवी, नाहीतर आपण ओलच आत बंद करून ठेवतो. प्रत्येक टबात सिलिका जेलच्या पुड्या घातल्या. केशरी दाणे पाणी पिऊन हिरवे झाले की १०० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये तास-दोन तास तापवायचे, परत कामाला तयार. डांबराच्या गोळ्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. त्या किड्यांसाठी असतात, ओलीसाठी नाहीत.

तिसरं, शटर कधी उघडायचं ते ठरवलं. "हवा लागू दे" म्हणून भर पावसात उघडलं तर बाहेरची दमट हवा आत येते. पाऊस थांबून ऊन पडलं की उघडायचं, समोरासमोर वारा जाईल असं. बंद शटरच्या आत नुसता पंखा लावून हवा फिरते, ओल बाहेर जात नाही. काही जण ऊब राहावी म्हणून बल्ब पेटता ठेवतात. कापड आणि प्लायवूडच्या गर्दीत ते करू नका, आगीशी खेळ आहे.

आणि हो, स्कूटर आणि रेनकोट आता बाहेर, पत्र्याखाली.

साफ करताना जपून

पहिल्या दिवशी आम्ही उत्साहात झाडू घेतला आणि बुरशी झटकायला लागलो. पाच मिनिटांत आमच्यातल्या एकीला दम लागला. तिला अस्थमा आहे हे आम्हाला माहीत होतं, पण झाडण्याचा आणि त्याचा संबंध कोणाच्या डोक्यात आला नाही. कोरडी बुरशी झटकली की बीजाणू हवेत उडतात. त्यामुळे अस्थमा, अ‍ॅलर्जी असलेल्यांनी या कामापासून लांबच राहायचं. बाकीच्यांनी एन-९५ मास्क आणि हातमोजे घालायचे. वस्तू आधी उघड्यावर न्यायच्या आणि तिथेच साफ करायच्या. भिंत आणि प्लास्टिक साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. ब्लीच वापरलंच तर त्यात अ‍ॅसिड किंवा दुसरं क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आणि ओल तशीच ठेवून वर रंग मारला तर पोपडे निघतात, बुरशी परत येते.

कोकणात पावसाच्या तोंडावर आगोटीची कामं असतात. घर शाकारायचं, लाकडं आत घ्यायची, कपड्यांना-पांघरुणांना ऊन दाखवायचं. आमच्या ग्रुपच्या कॅलेंडरवर आता मे महिन्यातला एक रविवार त्यासाठी राखून ठेवलाय. कडक उन्हात सगळं बाहेर, संध्याकाळी कोरडंठाक सामान टबांत.

उरलेल्या वह्यांचे मात्र मे महिन्याची वाट न बघता फोटो काढले. प्रत्येक पानाचा, समासासकट. तुमच्या ग्रुपचंही कुठे गॅरेज असेल, पोटमाळा असेल, हॉस्टेलच्या पलंगाखालची बॅग असेल. पुढचं ऊन पडेल त्या दिवशी एकदा उघडून बघा.