पिठा बंद झाला, पण बाटली?

सुरतेहून बारडोलीकडे जाताना कडोदरा लागते. हा उसाचा मुलूख. गुजरातेत दारूबंदी असूनही सप्टेंबर २०१६ मध्ये कडोदऱ्याजवळच्या वरेलीत विषारी दारूने अनेक माणसे दगावली. कायदा होता, मग असे का झाले? त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१८७८ च्या अबकारी कायद्याने घरी दारू गाळण्यावर बंदी आली व आदिवासी शेतकरी पिठेवाल्याच्या दारी गेला. उधारी वाढली, जमिनी गेल्या. १९२२ साली वसई-पालघर किनाऱ्यावरील कोळ्यांमधून देवीची लाट उठली व वर्षअखेरीस सुरत जिल्ह्यात पोचली. अंगात देवी आलेली माणसे सांगत : दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा. कित्येक पाड्यांनी ते ऐकले.

एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी पिठ्यांवरील पिकेटिंगचे काम स्त्रियांवर सोपवले. सुरत जिल्ह्यात मिठूबेन पेटिट पुढे झाल्या. त्या मुंबईच्या धनाढ्य पारशी घराण्यातल्या आणि इथले पिठेवाले बहुतेक पारशीच. तरी स्वजातीयांच्या दुकानांपुढेही त्या बायकांना घेऊन उभ्या राहिल्या.

पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९६० नंतर गुजरातने बंदी कायम ठेवली, महाराष्ट्राने ती सैल केली. मात्र महाराष्ट्रात २००८ च्या नियमानुसार गावच्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले, तर दुकान बंद होते. घरी बसलेल्या बाईचे मत येथे मोजले जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

कायद्याने दुकान बंद होते. चोरून येणारी बाटली गावच्या नजरेनेच अडते. त्या बाटलीत कधी कारखान्यातले मेथिल अल्कोहोल असते. चवीवरून ते ओळखता येत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, उलट्या होतात, पोट दुखते, डोळ्यांपुढे धुके येते, धाप लागते. अशा वेळी लिंबू-ताकात वेळ घालवू नका. रोग्याला तडक मोठ्या रुग्णालयात न्या व काय प्याला ते डॉक्टरांना सांगा. पोलिसांच्या भीतीने लपवाल, तर डोळे जातील, जीवही जाईल.

आणि आपल्या लग्नमांडवाचे काय? तेथे बाटली आपणच मांडतो. पाहुण्यांचा मान सरबतानेही राखता येतो. घरातल्या बायकांनी एकदा ठरवले, तर त्यासाठी कोणताही कायदा लागणार नाही.