पांझरेतली पिशवी, समुद्रपक्ष्याचं पोट

समुद्रपक्षी आणि प्लॅस्टिकवरचं चित्रपुस्तक उघडलं की खान्देशातलं पोर हमखास विचारतं, "पण आपल्याकडे समुद्र कुठेय?" तेव्हा नकाशाही उघडा. धुळ्याची पांझरा तापीला मिळते, जळगावजवळून वाहणारी गिरणाही तापीलाच मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला! नदीत पडलेलं प्लॅस्टिकही त्याच वाटेने समुद्रात जाऊ शकतं.

पक्षी प्लॅस्टिक का गिळतात? तरंगत्या प्लॅस्टिकवर शेवाळ चढतं आणि काही समुद्रपक्ष्यांना त्याचा वास अन्नासारखा येतो. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर लेसन अल्बट्रॉस पिल्लांना बाटल्यांची झाकणंसुद्धा भरवतात. पोट भरतं, अंगी काहीच लागत नाही.

मग आपण घरी काय करू शकतो? दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा नखाएवढा असतो, कचऱ्यातून वेचलाच जात नाही. म्हणून तो पूर्ण कापू नका, पिशवीलाच लटकू द्या. हे काम मुलांवर सोपवा, ती विसरत नाहीत.