घोड्यासाठी झूल निवडताना

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर आपण झूल पाहतो. ती शोभेची असते. युरोपातल्या थंड देशांत घोड्यालाही झूल घालतात, पण ती थंडी-पावसासाठी. तिचे प्रकार पुष्कळ आहेत. काही जाड, काही पातळ, तर काही नुसत्या पाणी अडवणाऱ्या. त्यांतली कोणती निवडायची? प्रश्न घोडा पाळणाऱ्यांचा आहे खरा, पण त्याचे उत्तर शोधताना वर्गात शिकवायचा उष्णतेचा बराचसा भाग येऊन जातो. म्हणून तो आपणही सोडवून पाहू.

पांघरूण ऊब देते, असे आपण म्हणतो. मग बर्फाची लादी गोणपाटात का गुंडाळतात? हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. पांघरूण ऊब तयार करत नाही. उष्णता इकडून तिकडे जाण्याचा वेग फक्त कमी करते. हे काम धाग्यांपेक्षाही धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा करते.

अशी सोय घोड्याच्या अंगावर मुळातच असते. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या अंगावर दाट, लांब केस येऊ लागतात. थंडी वाजली की हे केस उभे राहतात आणि त्यांच्यात अडकलेल्या हवेचा थर जाड होतो. शिवाय त्याच्या पोटात एक शेगडीच असते म्हणा ना! मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव गवत आंबवतात, त्यातून उष्णता मिळते. म्हणूनच थंडीच्या रात्री भरपूर वाळले गवत देणे हाही ऊब देण्याचाच मार्ग आहे.

तिसरी गोष्ट आकाराची. 500 किलो वजनाच्या घोड्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे 5 चौरस मीटर, तर 60 किलोच्या माणसाचे सुमारे 1.7 चौरस मीटर. दर किलोमागे हिशेब केला, तर घोड्याला उष्णता गमावण्यासाठी आपल्या साधारण एक तृतीयांशच त्वचा आहे.

या सगळ्याचा परिणाम काय? उघड्या अंगाच्या माणसाला तापमान सुमारे 28 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की शरीर गरम राखण्यासाठी जादा उष्णता निर्माण करावी लागते. सौम्य हवेत राहणाऱ्या घोड्यावर ही वेळ साधारण 5 अंशांच्या आसपास येते. कडक थंडीला सरावलेल्या, दाट केसांच्या घोड्यावर तर उणे 15 अंशांच्या सुमारास. म्हणजे आपण स्वेटर शोधत असतो, तेव्हा घोडा आरामात असू शकतो. आपल्या थंडीवरून त्याची थंडी ठरवली, तर झुलीखाली तो घामाघूम होईल, आणि झूल काढून टाकणे काही त्याच्या हातात नाही.

मग झूल लागते कधी? केस भिजले की ते अंगाला चिकटतात आणि हवेची जागा पाणी घेते. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. त्यात वारा असेल, तर घोडा लवकर गारठतो. काही कामाच्या घोड्यांचे केस घाम लवकर वाळावा म्हणून कापलेले असतात. त्यांना, तसेच म्हाताऱ्या, हडकुळ्या आणि आजारी घोड्यांना झुलीची गरज अधिक.

निवडताना झुलीवरचे दोन आकडे पाहावेत. एक आकडा आतल्या भरणाचा: दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम. शून्य ग्रॅमची झूल केवळ पाऊस-वारा अडवते. 300 ग्रॅमची कडक थंडीसाठी. दुसरा आकडा डेनियरचा, म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. त्यावरून कापडाचा टिकाऊपणा कळतो, ऊब नव्हे! कापडाने पाणी अडवावे, पण घामाची वाफ बाहेर जाऊ द्यावी. दाट केसांच्या घोड्यावर पातळ झूल घातली, तर केस दबतात आणि मिळालेल्या उबेतून गमावलेली ऊब वजा करावी लागते. झूल घातल्यावर रोज तिच्याखाली हात घालून पाहावे. अंग उबदार आणि कोरडे लागले, तर निवड योग्य. ओलसर लागले, तर झूल जड झाली.

नॉर्वेतल्या संशोधकांनी तर घोड्यांनाच विचारले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 23 घोड्यांना फलकांवरील तीन खुणा शिकवल्या: झूल घाला, झूल काढा, आहे तसे राहू द्या. सगळे घोडे दोन आठवड्यांत शिकले. उन्हाच्या छान दिवशी त्यांनी झूल नाकारली आणि पावसा-वाऱ्याच्या गार दिवशी मागितली.

आपल्याकडे माथेरान, महाबळेश्वरला घोडे आहेत. तिथेही थंडीपेक्षा पावसाचा विचार आधी करायला हवा, आणि पावसात कोरडा आडोसा हवा.

वर्गात हे करून पाहता येईल. तीन सारख्या स्टीलच्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या आणि वर झाकण ठेवा. प्रत्येकाला सारख्याच वजनाचा कापूस गुंडाळा: पहिल्याला पिंजलेला, दुसऱ्याला दोऱ्याने घट्ट आवळलेला, तिसऱ्याला भिजवलेला. दर पाच मिनिटांनी तापमान मुलांनाच नोंदवू द्या. मग विचारा: यांतला पावसात उभा असलेला घोडा कोणता, आणि पातळ झुलीखालचा कोणता?