पहिली बादली लाल का येते?

नगर–सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावाला दुष्काळ नवा नाही आणि हापसाही नवा नाही. रात्रभर थांबलेला हापसा सकाळी हाणला की कुठे कुठे पहिली बादली तांबूस येते. ती ओतून द्यायची, दुसरी भरायची. पाइप गंजला, एवढ्यावर विषय संपतो.

हवा आणि पाणी मिळालं की लोखंड गंजतं, हे शाळेतलं उत्तर. पण खोल पाण्यात बुडालेल्या पाइपाला हवा मिळते कितीशी?

हॉलंडमध्ये हाच प्रश्न पडला होता. तिथल्या ओल्या, बिनहवेच्या मातीत पुरलेले बिडाचे पाइप पोखरून निघत. १९३४ मध्ये फॉन वोल्झोगेन क्यूर आणि व्हान डर व्ल्युख्त या संशोधकांनी त्याचा दोष जिवाणूंवर ठेवला. हे जिवाणू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच.

बोअरमध्ये मात्र ते एकटे नसतात. आधी येतात लोहजिवाणू. पाण्यात विरघळलेल्या लोहाचा गंज करून ते त्यातून ऊर्जा मिळवतात आणि पाइपाला बुळबुळीत तांबडा थर धरतो. थराची गाठ झाली की तिच्याखाली ऑक्सिजन पोचत नाही. बाहेर ऑक्सिजन, आत नाही, या फरकानेच गाठीखालचं लोखंड विरघळू लागतं. सल्फेटवाल्यांना तर अशीच जागा हवी असते. त्यामुळे पाइप सगळीकडून सारखा झिजत नाही. एका ठिकाणी खड्डा पडतो आणि तिथेच भोक. अशी गाठ फोडली तर वरून तांबडी, आतून काळी निघते. तो काळा भाग म्हणजे लोहाचं सल्फाइड.

देशभर पोचलेला ‘इंडिया मार्क टू’ हापसा ज्या पंपावरून घडला, तो याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा, सोलापूरचा. त्याच्या जस्ताच्या मुलाम्याच्या पाइपांनाही यातून सुटका नाही. मुलामा झिजला की खाली लोखंडच.

ग्रामपंचायतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पाण्यात तरंगणारे जिवाणू मारते. गाठीच्या आत तिचा जोर पोचत नाही, म्हणून पाइप वर काढून आधी घासावे लागतात. प्लास्टिकचा पाइप पोखरला जात नाही, हे खरं. पण भूजलातच लोह असेल तर त्यातूनही पहिली बादली लाल येऊ शकते. लोहजिवाणूंना पाइपच लोखंडाचा हवा असं नाही.