छापखान्याच्या रांगेंतील शिळे कागद

देहू-चाकण पट्ट्यांतील कारखान्यांतून माल बाहेर पडण्यापूर्वीं त्याचें चलन छापावें लागतें. छपाईयंत्राचा वेग संगणकाच्या मानानें मंद. म्हणून मजकूर आधीं सर्व्हरच्या डिस्कवर साठतो व क्रमानें यंत्राकडे जातो. या साठ्यास ‘स्पूल’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ धाग्याचें रीळ.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं यूनिक्स प्रणालीचा आरंभ केला. तिच्या वळणाच्या सर्व्हरांवर आज ‘कप्स’ ही छपाई-व्यवस्था पुष्कळ ठिकाणीं आढळते. छापून झालेला मजकूर ती आपण होऊन काढून टाकिते. त्याची मूळ मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस. मग शिळ्या फाइली उरतात कोठून? कोणी काम रोखून ठेवून विसरतो, कोठें यंत्रच मोडींत निघतें, कधीं मध्येंच वीज जाते. अशीं कामें कधींच पुरीं होत नाहींत.

यांत हानि दुहेरी आहे. डिस्क भरली कीं नवें काम घेतलें जात नाहीं. चलनावांचून मालमोटार फाटकांत खोळंबते. शिवाय कोणाचें पगारपत्रक, कोणाचें गुणपत्रक विनाकारण तेथें पडून राहतें.

रोजची झाडलोट मनुष्य विसरतो; म्हणून ती ‘क्रॉन’ या सेवकावर सोंपवितात. नेमल्या वेळीं तो ‘फाइंड’ ही आज्ञा चालवून जुन्या फाइली हुडकितो. येथें एक गोम आहे. ‘सात दिवसांहून जुन्या’ असें सांगितल्यास पुरे दिवसच मोजले जातात. म्हणून आठ दिवस भरल्यावांचून फाइल हातीं लागत नाहीं. दुसरें असें कीं, जुनें तें सर्व टाकाऊ नव्हे. दिवाळीच्या सुटीपूर्वीं रोखलेलें काम सुटीनंतर हवेंच असतें. यास्तव प्रथम ‘एलपीस्टॅट’ने रांग पाहावी, नको असलेलें काम ‘कॅन्सल’ने रद्द करावें, आणि ज्यांचा रांगेंत धनी उरला नाहीं, अशाच फाइलींस हात लावावा. आरंभीं कांहीं दिवस क्रॉननें फक्त यादी करावी, कांहीं पुसूं नये. यादी निर्दोष ठरल्यावरच पुसण्याची मुभा द्यावी, व काय पुसलें याची नोंद ठेवावी.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या असतां पुनः वर आल्या, अशी आपल्या देहूची परंपरा सांगते. पुसलेली फाइल तशी वर येईल, या भरंवशावर मात्र कोणी राहूं नये. आधीं पाहावें, मग झाडावें.